पाळत आणि कुलूप : इक्विफॅक्स प्रकरणात ग्राहकाच्या हातात काय होतं

७ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीने जाहीर केलं की सुमारे १४ कोटी ३० लाख लोकांची माहिती तिच्याकडून चोरीला गेली आहे. पुढच्या सहा महिन्यांत हा आकडा दोनदा वाढला आणि १४ कोटी ७९ लाखांवर थांबला. त्या देशातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांचा त्यात समावेश होता.

यातल्या बहुतेकांनी इक्विफॅक्सशी कधी स्वतःहून व्यवहार केलेला नव्हता. इक्विफॅक्स ही क्रेडिट ब्युरो. आपल्याकडे कर्ज मागायला गेलं की ‘सिबिल बघावं लागेल’ म्हणतात, तसं तिकडे तीन मोठ्या कंपन्यांचं बघतात : इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन. तुम्ही हप्ता वेळेवर भरला का, कार्डावर किती थकवलं, याआधी कुठे राहत होता, हे सगळं बँका आणि कार्ड कंपन्या त्यांना परस्पर कळवत असतात. माणसाने माहिती दिलेली नसते, त्यामुळे परत मागायची सोय नसते. एखादी बँक फुटली तर निदान रागाने खातं बंद करता येतं. इथे बंद करायला खातंच नाही.

म्हणून हे प्रकरण मला अभ्यासाला बरं वाटतं. कंपनीच्या तांत्रिक चुकांवर अमेरिकी संसदेच्या समित्यांनी जाडजूड अहवाल लिहिले आहेत. मला बघायची होती ती दुसरी बाजू : ज्याची माहिती गेली त्याला त्या दिवसांत काय सांगण्यात आलं, काय देण्यात आलं, आणि त्यातलं खरोखर उपयोगी पडणारं किती होतं.

दार कसं उघडं राहिलं

अपाचे स्ट्रट्स हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर अनेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांमागे चालतं. ७ मार्च २०१७ ला त्यातली एक गंभीर फट जाहीर झाली, दुरुस्तीही सोबतच आली. दुसऱ्या दिवशी सरकारी सायबर यंत्रणेने इशारा दिला. ९ मार्चला इक्विफॅक्समध्ये चारशेहून जास्त जणांना मेल गेली की ४८ तासांत दुरुस्ती करा. पण मेलची यादी जुनी होती, आणि ज्यांनी दुरुस्ती करायची त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही. नंतर केलेल्या तपासणीतही फट सापडली नाही.

१३ मे रोजी चोर आत आले. आत येण्याची जागा होती तक्रारींचं पोर्टल, म्हणजे ‘माझ्या अहवालात चूक आहे, दुरुस्त करा’ असं सांगायला लोक जिथे आपले कागद चढवत ते. त्यामागची यंत्रणा १९७० च्या दशकातली होती. आत एका फाइलमध्ये पासवर्ड साध्या मजकुरात पडलेले होते. ते घेऊन चोर आणखी ४८ डेटाबेसमध्ये शिरले. त्यांनी सुमारे ९,००० वेळा माहिती मागितली, आणि त्यातल्या २६५ वेळा लोकांच्या माहितीचे गठ्ठे हाती लागले. बाहेर जाणारी वाहतूक तपासायचं उपकरण बसवलेलं होतं, पण कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) वाहतूक उघडून बघायला लागणारं त्याचं डिजिटल प्रमाणपत्र कधीच मुदतबाह्य झालं होतं, त्यामुळे ते महिनोन्‌महिने काहीच बघत नव्हतं. २९ जुलैला प्रमाणपत्र बदललं आणि संशयास्पद वाहतूक दिसायला लागली. ३० जुलैला पोर्टल बंद केलं.

लोकांना कळलं ७ सप्टेंबरला, म्हणजे आणखी ३९ दिवसांनी. मधल्या काळात कंपनीतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आपले शेअर विकून टाकले. त्याला पुढे चार महिन्यांची कैद झाली.

ग्राहकाने या तारखांमधून एकच हिशेब उचलावा. १३ मे ते ७ सप्टेंबर हे ११७ दिवस होतात. बातमी आपल्यापर्यंत आली तेव्हा चोर आत शिरून जवळजवळ चार महिने झाले होते. त्यामुळे ‘आजपासून लक्ष ठेवतो’ म्हणणारा माणूस मुळातच उशिरा सुरुवात करतो. जुनी स्टेटमेंटं मागे जाऊन चाळायची, आणि तीही बातमीत दिलेल्या तारखेच्या थोडं आधीपासून.

काय गेलं, आणि ते कधी शिळं होतं

मे २०१८ मध्ये इक्विफॅक्सने शेअर बाजाराच्या नियामकाला पूर्ण तपशील दिला. नावं आणि जन्मतारखा प्रत्येकी १४ कोटी ६६ लाख. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकी सरकार माणसाला देतं तो नऊ आकडी नंबर, १४ कोटी ५५ लाख. पत्ते ९ कोटी ९० लाख. फोन नंबर २ कोटी ३ लाख. गाडी चालवण्याच्या परवान्याचे नंबर १ कोटी ७६ लाख. ईमेल पत्ते १८ लाख. क्रेडिट व डेबिट कार्डांचे नंबर २ लाख ९ हजार. शिवाय कागदपत्रांची चित्रं : ३८,००० परवाने, १२,००० सोशल सिक्युरिटी किंवा करदात्याची कार्डं, ३,२०० पासपोर्ट. ही चित्रं त्या लोकांची, ज्यांनी आपल्या नोंदीतली चूक दुरुस्त व्हावी म्हणून स्वतः कागद पाठवले होते. नेटकेपणाची शिक्षा म्हणतात ती ही.

अशी बातमी आली की लोकांच्या मनात पहिल्यांदा येतं ते कार्ड. खरं तर या सगळ्या यादीत कार्ड सर्वांत कमी काळजीचं. नंबर बदलून नवं कार्ड काही दिवसांत घरी येतं, आणि अमेरिकी कायद्यानुसार क्रेडिट कार्डाच्या गैरवापराचा ग्राहकावरचा बोजा ५० डॉलरपलीकडे जात नाही. फोन आणि ईमेल बदलणं कटकटीचं, पण जमतं. जन्मतारीख बदलत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर तत्त्वतः बदलून मिळतो, पण फार क्वचित, आणि नवा नंबर जुन्या नोंदींना जोडलेलाच राहतो.

या नंबराची कथा थोडी ऐकण्यासारखी आहे. १९३६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याचं काम होतं कामगाराची कमाई मोजून म्हातारपणाच्या पेन्शनचा हिशेब ठेवणं. १९४६ पासून १९७२ पर्यंत छापलेल्या कार्डांवर स्पष्ट लिहिलेलं असे की हे ओळख पटवण्यासाठी नाही. पुढे बँका, दवाखाने, कर खातं, मोबाइल कंपन्या, सगळ्यांनी नेमकं त्याच कामाला तो जुंपला. एकीकडे तो नावासारखा शंभर ठिकाणी सांगावा लागतो, दुसरीकडे तो माहीत असणं हाच ‘मी तोच माणूस’ याचा पुरावा मानला जातो. नाव आणि पासवर्ड एकच ठेवल्यावर काय होणार?

आता चोराच्या बाजूने बघू. त्याच्याकडे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि हा नऊ आकडी नंबर आहे. तुमच्या बँकेच्या वाटेला त्याने जायची गरज नाही. तुम्ही जिथे कधी पाऊल ठेवलेलं नाही अशा तिसऱ्याच कंपनीत तो तुमच्या नावाने कार्डासाठी अर्ज करतो, फोन नंबर आणि ईमेल स्वतःचा देतो. पैसे उचलले की खबर त्याच्याच फोनवर जाते. तुम्हाला पत्ता लागतो तो वसुलीवाल्याचा फोन आल्यावर, किंवा स्वतःला घरकर्ज हवं असताना नकार आल्यावर. मात्र या रस्त्यावर एक नाका आहे. नवी कंपनी उधार देण्याआधी ब्युरोकडे फाइल मागते. फाइल मिळाली नाही तर बहुतेक ठिकाणी अर्ज तिथेच अडतो. सामान्य माणसाला काही करता येण्याजोगी जागा तेवढीच.

पहिले काही आठवडे

आणि या जागेबद्दल कंपनीने सुरुवातीला फारसा आवाजच केला नाही. तिने काय दिलं? एक नवं संकेतस्थळ आणि एक वर्षाची मोफत पाळत, म्हणजे फाइलमध्ये नवी नोंद झाली की कळवणारी सेवा.

संकेतस्थळाचं नाव होतं ‘इक्विफॅक्स सिक्युरिटी २०१७’. कंपनीच्या नेहमीच्या पत्त्यापासून पूर्ण वेगळा, नव्याने घेतलेला पत्ता. फसवणूक करणारे जशी नावं घेतात अगदी तसा, इतका की काही सुरक्षा सेवांनी सुरुवातीला तो फसवा ठरवून अडवलाच. आत गेल्यावर आडनाव आणि सोशल सिक्युरिटी नंबराचे शेवटचे सहा आकडे मागत. इथे क्षणभर थांबू. नंबर नऊ आकडी. जून २०११ पर्यंत पहिले तीन आकडे अर्ज कुठल्या राज्यातून झाला त्यावरून ठरत. म्हणजे ज्याला तुमचं जन्मराज्य माहीत आहे, त्याला उरलेले सहा आकडे सांगणं म्हणजे जवळजवळ सगळा नंबर सांगणंच. माहिती हरवलेल्या कंपनीने, माहिती हरवली का ते सांगण्यासाठी, पुन्हा तीच माहिती मागितली.

बरं, उत्तर तरी नीट मिळावं. पत्रकारांनी आडनावाच्या जागी ‘टेस्ट’ आणि आकड्यांच्या जागी १२३४५६ टाकून पाहिलं, तर ‘तुमची माहिती गेलेली असू शकते’ असं उत्तर आलं. काहींना ना ‘हो’, ना ‘नाही’. फक्त अमुक तारखेला परत या, एवढंच.

मग एका सॉफ्टवेअर अभियंत्याने याच नावातले शब्द उलटसुलट करून, ‘सिक्युरिटी इक्विफॅक्स २०१७’ असा पत्ता स्वतः विकत घेतला आणि हुबेहूब तसंच पान उभं केलं. किती सोपं आहे हे दाखवणं, इतकाच त्याचा हेतू. पण इक्विफॅक्सच्या अधिकृत ट्विटर खात्यावरूनच चौकशी करणाऱ्या ग्राहकांना त्या खोट्या पानाची लिंक दिली गेली, आणि तीही एकदा नाही, अनेकदा. तो माणूस सज्जन होता म्हणून निभावलं.

यातून निघणारा नियम मी घरच्यांनाही सांगतो : माहिती फुटल्याच्या बातमीनंतर येणाऱ्या कुठल्याही मेल, मेसेज किंवा पोस्टमधल्या लिंकवर जायचं नाही, पाठवणारा खरा असला तरी. जुन्या छापील स्टेटमेंटवर जो पत्ता किंवा फोन आहे, तिथून सुरुवात करायची. कंपनीचा स्वतःचा माणूस चुकीचं दार दाखवू शकतो, याचा याहून चांगला पुरावा कुठे मिळणार.

मोफत पाळतीच्या अटींमध्ये आणखी एक खडा होता. त्यातलं एक कलम वाचलं तर अर्थ असा निघत होता की वाद झाल्यास ग्राहक कोर्टात जाणार नाही, लवादाकडे जाईल. म्हणजे मलमपट्टी घ्यायची तर भांडायचा हक्क सोडायचा. लोक खवळले, आणि काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. २६ सप्टेंबरला मुख्य कार्यकारी अधिकारी रिचर्ड स्मिथ पायउतार झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणखी एक बातमी फुटली : अमेरिकेच्या कर खात्याने करदात्यांची ओळख पटवून द्यायचं सुमारे ७२ लाख डॉलरचं काम, निविदा न काढता, इक्विफॅक्सलाच दिलं होतं. ज्याला स्वतःच्या घराला कडी लावता आली नाही, त्यालाच गावाची राखण. टीका झाल्यावर ते काम थांबवण्यात आलं.

पाळत वेगळी, कुलूप वेगळं

आता मुद्द्याचं. पाळत, म्हणजे क्रेडिट मॉनिटरिंग, काय करते? तुमच्या फाइलमध्ये नवी नोंद झाली की तुम्हाला कळवते. कुणी तुमच्या नावावर कार्ड काढलं, तर काढल्यावर कळतं. बैल गेला नि झोपा केला, तरी झोपा कधी करायचा हे सांगणारं कुणीतरी आहे, इतपत समाधान. तिचा उपयोग शून्य नाही; लवकर कळलं तर निस्तरणं सोपं जातं. पण तिने चोर अडत नाही.

कुलूप म्हणजे क्रेडिट फ्रीझ. ते लावलं की ब्युरो नव्या सावकाराला तुमची फाइल दाखवत नाही. ज्यांच्याशी आधीपासून व्यवहार आहे त्यांचं काम चालू राहतं. तुमच्या गुणांवर म्हणजे स्कोअरवर परिणाम होत नाही. तुम्हाला कर्ज हवं असेल त्या दिवशी तेवढ्यापुरतं ते उघडता येतं.

दोन्हींच्या मध्ये तिसरी गोष्ट आहे, फसवणुकीचा इशारा. फाइलवर चिठ्ठी लागते की उधार देण्याआधी या माणसाची खात्री करून घ्या. इशारा एका ब्युरोला दिला की ती बाकी दोघींना कळवते. कुलूप मात्र तिन्हीकडे वेगवेगळं लावावं लागतं, आणि इथेच लोक हमखास चुकतात. बातमी इक्विफॅक्सची, म्हणून इक्विफॅक्सकडे फ्रीझ केलं आणि निर्धास्त झाले. चोराने अर्ज केलेली कंपनी एक्स्पेरियनकडे चौकशी करणारी निघाली, तर ते दार सताड उघडंच. तीन दारांच्या घरात एकाला कुलूप.

२०१७ मध्ये हे फुकट नव्हतं. राज्याराज्यांत दर वेगळे, अनेक ठिकाणी दर ब्युरोला ५ ते १० डॉलर, आणि तात्पुरतं उघडायलाही पुन्हा पैसे. नवरा-बायको दोघांचं, तिन्हीकडे, दहाच्या दराने करायचं तर ६० डॉलर. इक्विफॅक्सने ओरड झाल्यावर स्वतःचं शुल्क माफ केलं. बाकी दोघींनी माफ करायचं कारण नव्हतं, त्यांची चूकच नव्हती. परिणामी इक्विफॅक्सच्या ढिलाईसाठी लोक तिच्याच स्पर्धकांना पैसे मोजत होते.

कुलपाची किल्लीही पाहण्यासारखी होती. फ्रीझ केल्यावर इक्विफॅक्स दहा आकडी पिन द्यायची, पुढे उघडताना तोच लागायचा. एखाद्याने ९ सप्टेंबर २०१७ ला दुपारी सव्वादोन वाजता फ्रीझ केलं असेल तर त्याच्या हातात पडणारा पिन ०९०९१७१४१५. महिना, दिवस, वर्ष, तास, मिनिट. बस. बातमीनंतरच्या त्या दोन-तीन दिवसांत लाखो लोक फ्रीझ करायला धावले होते, म्हणजे चोराला अंदाज करायला फार लांब जायला नको. ट्विटरवर कुणीतरी हा नमुना ओळखला आणि बोभाटा झाला, तेव्हा कंपनीने पिन यादृच्छिक करायला घेतले. आधी पिन घेतलेल्यांनी तो बदलून घ्यायचा होता, पण हे त्यांच्यापैकी किती जणांच्या कानावर गेलं असेल, देव जाणे.

ब्युरो ‘लॉक’ नावाची आणखी एक सोय विकतात किंवा फुकट देतात. ॲपमध्ये बटण दाबलं की बंद, दाबलं की उघडं. दिसायला फ्रीझसारखीच, वापरायला जास्त सोपी. फरक असा की फ्रीझमागे कायदा उभा आहे, लॉकमागे कंपनीच्या अटी. दोन्ही समोर असतील तर मी डोळे मिटून फ्रीझ घेईन.

मग कंपनीने जोर पाळतीवर का दिला? माझं मत स्पष्ट आहे. ब्युरोचा धंदा फाइल दाखवण्याचा. कुलूपबंद फाइल कमाई करत नाही. पाळत मात्र फुकटचं वर्ष संपल्यावर विकत घ्यायला लावता येते.

या प्रकरणातून ग्राहकाला मिळालेली सर्वांत ठोस गोष्ट कंपनीकडून आलीच नाही, संसदेकडून आली. २४ मे २०१८ ला मंजूर झालेल्या कायद्यामुळे २१ सप्टेंबर २०१८ पासून फ्रीझ लावणं आणि काढणं देशभर मोफत झालं. फोनवरून किंवा ऑनलाइन मागितलं तर एका कामाच्या दिवसात लागलं पाहिजे, आणि काढायचं म्हटलं तर एका तासात निघालं पाहिजे. इशाऱ्याची मुदत ९० दिवसांवरून एक वर्ष झाली. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांना फ्रीझ करता येऊ लागलं. मुलांचं कलम लोक हसण्यावारी नेतात. पण लहान मुलाचा नंबर चोराला सोन्यासारखा : पंधरा वर्षं त्या नावाची फाइल कुणी उघडून बघणार नसतं.

ज्या दारांना हे कुलूप लागत नाही

फ्रीझ म्हणजे चिलखत नव्हे. ते नव्या उधारीपुरतं आहे. चालू खात्यातून कुणी पैसे काढत असेल तर त्याला याने काही होत नाही. तिथे दर व्यवहाराची सूचना चालू ठेवणं, आणि दुहेरी पडताळणीसाठी मेसेजऐवजी ॲप वापरणं हेच कामाचं. मोबाइल कंपनीकडे खात्याला वेगळा पिन लावून घ्यायचा, नाहीतर चोर तुमचा नंबरच स्वतःच्या सिमवर वळवून घेतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात.

अमेरिकेत आणखी एक मोठी वाट म्हणजे कराचा परतावा. चोर तुमच्या आधी तुमच्या नावाने विवरणपत्र भरतो आणि परतावा लाटतो. तुम्ही भरायला जाता तेव्हा उत्तर येतं की यंदाचं विवरणपत्र आधीच आलं आहे. यावर उपाय म्हणजे कर खात्याचा सहा आकडी ओळख पिन. दरवर्षी नवा मिळतो, आणि त्याशिवाय त्या नंबरावरचं ऑनलाइन विवरणपत्र स्वीकारलं जात नाही. आधी तो मुख्यतः फसवणूक झालेल्यांनाच मिळे. २०२१ पासून ज्याला हवा त्याला घेता येतो.

मोबाइल, वीज, गॅस यांच्या जोडण्यांसाठी एनसीटीयूई नावाची वेगळीच नोंदवही आहे, बँक खात्यांसाठी चेक्ससिस्टम्स. दोन्हीकडे फ्रीझ स्वतंत्रपणे मागावं लागतं. बहुतेकांना ही नावंच माहीत नसतात.

आणि फोन. चोरीचा माल घेऊन येणारा फोन चोराचा वाटत नाही, कारण त्याला तुमचं पूर्ण नाव, पत्ता, नंबराचे शेवटचे चार आकडे पाठ असतात. ‘साहेब, खात्री करायची आहे, आम्हीच सांगतो तुमचा नंबर’ अशी सुरुवात. अशा वेळी उलटा विचार करायचा : फुटलेल्या माहितीच्या काळात माझ्याबद्दल बरंच माहीत असणं हा विश्वासाचा नाही, संशयाचा मुद्दा आहे. फोन ठेवायचा आणि कार्डामागच्या नंबरावर आपण लावायचा.

तिन्ही ब्युरोंकडून आपला स्वतःचा अहवाल २००३ च्या कायद्याने वर्षातून एकदा फुकट मिळत असे. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, तो दर आठवड्याला मिळू लागला आणि २०२३ मध्ये ही सोय कायमची केली गेली. अहवाल हातात आल्यावर लोक थकबाकीचे आकडे बघतात. मी म्हणेन आधी दोन जागा बघा. एक, कुणीकुणी फाइल मागितली त्याची यादी. आपण अर्ज न केलेल्या सावकाराचं नाव तिथे असेल तर चोरीचा प्रयत्न झालाय, यशस्वी झाला असो वा नसो. दोन, पत्ते. आपण कधीच न राहिलेला पत्ता फाइलमध्ये दिसला तर कार्ड तिकडे गेलं असण्याची दाट शक्यता.

काही सापडलंच, तर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ओळखचोरीची रीतसर नोंद करायची. त्या नोंदीची प्रत आणि ओळखीचा पुरावा ब्युरोला दिला की खोटी नोंद चार कामाच्या दिवसांत रोखणं तिला कायद्याने भाग आहे. नुसत्या फोनवरच्या तक्रारीला ही धार नसते.

१२५ डॉलर

२२ जुलै २०१९ ला या चोरीच्या भरपाईची तडजोड जाहीर झाली. इक्विफॅक्सने किमान ५७.५ कोटी, जास्तीत जास्त ७० कोटी डॉलर द्यायचे. ग्राहकाला पर्याय : आणखी काही वर्षांची फुकट पाळत, किंवा ती आधीच असेल तर रोख १२५ डॉलर. लोकांनी अर्थातच रोख मागितली. मग बारीक अक्षरं बाहेर आली. या रोखीसाठी ठेवलेली रक्कम होती ३ कोटी १० लाख डॉलर. भागाकार केला तर २ लाख ४८ हजार लोकांना पुरेल एवढी. अर्जदार त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे वाटा त्या प्रमाणात कमी. नऊच दिवसांनी फेडरल ट्रेड कमिशनलाच सांगावं लागलं की बाबांनो, पाळत घ्या, रोख फार थोडी हाती येईल.

या गदारोळात दुसरं कलम झाकलं गेलं. चोरीमुळे प्रत्यक्ष खर्च झाला असेल, त्यात फ्रीझचं शुल्कही आलं, तर पुराव्यासह २०,००० डॉलरपर्यंत मागता येत होते. निस्तरण्यात गेलेल्या वेळेचे ताशी २५ डॉलर, २० तासांपर्यंत. अट एवढीच की दाखवता आलं पाहिजे. पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख, वेळ, कुणाशी बोललो, किती पैसे गेले हे लिहून ठेवलेल्या माणसाची मागणी भक्कम होती. दोन वर्षांनी आठवून लिहिणाऱ्याची तशी नव्हती.

चोर कोण, याने काय बदललं

१० फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेच्या न्याय खात्याने चिनी लष्करातल्या चौघांवर आरोप ठेवले. जवळपास वीस देशांतल्या ३४ सर्व्हरवरून वाहतूक फिरवून त्यांनी माग पुसल्याचं आरोपपत्रात होतं. त्याच वेळी एफबीआयने सांगितलं की या माहितीचा वापर झाल्याचा पुरावा अजून आढळलेला नाही. चोरबाजारात तिचा लिलाव झाल्याचंही दिसलं नव्हतं.

पुष्कळांनी याचा अर्थ ‘सुटलो’ असा घेतला. मला तो अर्थ पटत नाही. जन्मतारीख आणि नंबर शिळे होत नाहीत, त्यामुळे दोन-तीन वर्षांची शांतता फारसं काही सिद्ध करत नाही. आणि तेच नऊ आकडे तोवर आणखी कुठून कुठून फुटले असतील त्याची गणती नाही. फ्रीझला चोर कोण, हेतू काय, देश कुठला, याच्याशी कर्तव्य नसतं. फाइल मागणारा कुणीही असो, बंद म्हणजे बंद.

लोकांची एकच तक्रार असते, की कुलूप लावलं तर ऐन वेळी अडचण होते. ती अडचण अशी असते : गाडीच्या कर्जासाठी शोरूममध्ये बसलात, समोरच्याने सांगितलं की फाइल बंद येतेय. त्याला विचारायचं, तुम्ही कुठल्या ब्युरोकडे बघता? तो एक नाव सांगतो. तेवढ्याच एका ठिकाणी लॉग-इन करून आज आणि उद्या अशा दोन तारखा टाकायच्या. चहा संपेपर्यंत फाइल उघडते, आणि परवा आपोआप पुन्हा बंद होते. बाकीच्या दोन दारांना त्या दिवशीही कुलूपच असतं.